मूत्राची निर्मिती वेगळी, धारणा वेगळी

घोट्याजवळील मज्जातंतूस सौम्य विद्युत्-उत्तेजन देऊन लघवीची घाई कमी करण्याची पद्धत आता आपल्या रुग्णांच्याही कानी आली आहे. ‘वैद्यराज, हे करून घ्यावे काय?’ या त्यांच्या प्रश्नाला उपहासाने अथवा भाबडेपणाने उत्तर देऊ नये, असे आम्हांस वाटते.

आतील घोट्याच्या वर सुमारे ५ सेंमी अंतरावर बारीक सुई टोचून आठवड्यातून एकदा ३० मिनिटे, असे १२ वेळा उत्तेजन दिले जाते. या मज्जातंतूची काही मुळे व मूत्राशयाचे नियमन करणारे तंतू त्रिकप्रदेशात एकत्र येतात. अमेरिकेत २२० रुग्णांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या उपचाराने ५४.५ टक्के, तर लटक्या उपचाराने २०.९ टक्के रुग्णांना चांगला आराम पडला. उपचारात तथ्य आहे. मात्र तो सर्वांस लागू पडत नाही.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. मूत्र तयार करणे हे वृक्कांचे कार्य. ते धारण करणे व वेळी विसर्जित करणे हे बस्तीचे. उत्तेजनाचा उपयोग दुसऱ्या कार्यासाठी होतो. मूत्राचे एकूण प्रमाण घटविण्याचा तो उपाय नव्हे. आपल्या शास्त्रालाही हा विवेक नवा नाही. प्रमेहातील प्रभूतमूत्रता निराळी आणि अपानवैगुण्याने थोडे थोडे, वारंवार होणारे मूत्र निराळे. तरीही ‘वारंवार लघवी’ एवढेच ऐकून गोक्षुर-पुनर्नवादी मूत्रल कल्प हाती ठेवले जातात, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. औषधविक्रेत्या बंधूंनीही याचा विचार करावा.

प्रथम तीन दिवस प्रत्येक वेळच्या मूत्राचे माप व वेळ रुग्णाकडून लिहून घ्यावी. वृद्धांमध्ये चोवीस तासांतील एकतृतीयांशाहून अधिक मूत्र रात्री होत असल्यास मधुमेह, हृदय, पायांची सूज यांकडे पाहावे. मूत्रात रक्त, मूत्ररोध किंवा पायांत व गुदभागी बधिरता आढळल्यास विनाविलंब रुग्णालयात धाडावे. पेसमेकर बसविलेल्या रुग्णास या विद्युत्-उपचाराचा सल्ला देऊ नये.

‘गुल्फमर्म म्हणजे हेच’ असा दावा करण्याचा मोह मात्र आवरावा. सुश्रुताचार्यांनी मर्मे प्रामुख्याने जपावयाची स्थाने म्हणून सांगितली आहेत. चरकाचार्यांनी बस्तीस शिर व हृदय यांच्या पंक्तीस बसविले. त्या त्रिमर्मांपैकी एकाची चिकित्सा मापाविना, अंदाजाने करणे आपल्या परंपरेस शोभणारे नाही.