पडणें हें दैव नव्हे

कवठे येमाईच्या पंचक्रोशींतील शेतकरी व कारागीर बंधूंनो, शेतांतलें काम उरकलें कीं आपल्यांतले कितीक तरणे मुलगे रांजणगांवकडे शेडच्या कामाला जातात. लोखंडी खांब उभे करणें, कैच्या चढविणें, पत्रा ठोकणें हें त्यांचें काम. त्यांतला कोणी वरून पडून दगावला म्हणजे आपण लागलीच म्हणतों, "त्याची वेळ भरली होती." आम्हांस हें बोलणें मान्य नाहीं. वेळ भरली नव्हती; दोर बांधला नव्हता!

१ ऑगस्ट २०२३ रोजीं शहापूर तालुक्यांत सरळांबे येथें समृद्धी महामार्गाच्या पुलावर तुळया चढविण्याचें अवजड यंत्र कोसळून २० माणसें मेलीं. त्या विसांचीही वेळ एकाच रात्रीं भरली काय?

वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आंत, ताशीं चाळीस किलोमीटरच्या वेगानें भुईवर आदळतो. सावरावयास अवधि नसतो. म्हणून बंदोबस्त चढण्यापूर्वींच पाहिजे: अंगभर पट्टा, तो अडकविण्यास भक्कम आधाराला बांधलेला दोर, खालीं जाळी व पत्र्यावर चालण्यास फळ्या. उजेडासाठीं बसविलेला प्लास्टिकचा पत्रा पाय पडतांच फुटतो, हेंही ध्यानांत ठेवावें. पट्टा अंगावर आणि दोर कोठेंच नाहीं, तर तो पट्टा नुसता दागिना होय.

१९९६ च्या कायद्यानें बांधकामाच्या खर्चावर कामगारांसाठीं उपकर बसविला. राज्यांत कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या, वर्षांत ९० दिवस काम केलेल्या कामगारानें तेथें नांव नोंदवावें. ठेकेदाराकडून कामाचा दाखला हक्कानें मागून घ्यावा.

पण दोष एकट्या ठेकेदाराचा नाहीं. कांद्याची चाळ, गोठा, कोंबड्यांची शेड बांधतांना मालक आपणच असतों, "अर्ध्या दिवसाचें काम, दोर कशाला?" असें आपणच म्हणतों. बैलाला दावें बांधल्यावांचून आपण रात्रीं निजत नाहीं; मग दुसऱ्याच्या लेकराला दोरावांचून पत्र्यावर कसे चढवितों?

एकट्यानें चढण्यास नकार दिला तर त्याचा खाडा पडेल. साऱ्या टोळीनें दिला तर दोर येईल. आयाबायांनो, येमाईला नवस बोलण्याआधीं ठेकेदाराला विचारा, "दोर कोठें बांधला आहे?" उत्तर मिळेपर्यंत मुलाला चढूं देऊं नका.