पाचशे बारा घरांचा पोस्टमन
कोल्हापूरकराला कुस्ती आणि नाटक या दोन गोष्टी सारख्याच प्रिय, म्हणूनच की काय, शाहू महाराजांनी खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर शेजारी-शेजारी बांधले. थिएटर १९१५ साली उघडले. पुढे त्याला ‘ललितकलादर्श’च्या केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचाच. त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ८ ऑगस्ट २०२४ रोजी, ते नाट्यगृह आगीत सापडले. रंगमंच आणि छप्पर गेले. नव्याने उभारणीचे काम हाती घेतले गेले खरे, पण ज्यांनी तिथे बापाच्या मांडीवर बसून पहिले नाटक पाहिले, त्यांच्या पोटात जो गोळा आला तो काही लगेच विरघळणारा नव्हे.

आग आणि नाटक यांचे वैर जुने आहे. १८८१ च्या ८ डिसेंबरला व्हिएन्नाचे रिंग थिएटर गॅसच्या दिव्यांपायी पेटले आणि शेकडो प्रेक्षक प्राणास मुकले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला लंडनच्या सॅव्हॉय थिएटरचा मालक रंगमंचावर आला, त्याने विजेचा एक पेटता दिवा मलमलीत गुंडाळला आणि सर्वांसमक्ष फोडला. मलमलीला झळसुद्धा लागली नाही! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाटकाआधीच नाटक झाले म्हणायचे.

वीज आली, पण तिला लहान-मोठी करायची कशी? जुने लोक मिठाच्या पाण्याची युक्ती करीत. पाण्यात धातूची पट्टी खाली सोडली की दिवा उजळे, वर ओढली की मंदावे. ‘सायंकाळ’ हवी असली, की पडद्यामागचा गडी श्वास रोखून ती पट्टी इंचाइंचाने ओढी. पाण्यात वीज सोडणे हा काय खेळ होता, हे आजच्या गृहिणीला सांगायला नको.

आता ते काम आकड्यांनी होते. १९८६ साली अमेरिकेतल्या रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने दिव्यांना हुकूम देण्याची एक भाषा ठरवून दिली. तिचे नाव डीएमएक्स-५१२. एका वायरीवर पाचशे बारा घरे, आणि प्रत्येक घरी शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा एकेक आकडा. शून्य म्हणजे अंधार, दोनशे पंचावन्न म्हणजे लखलखाट. मौज अशी, की हा पोस्टमन प्रत्येक पत्र प्रत्येक दारात मोठ्याने वाचतो. ज्याने त्याने फक्त आपल्या नंबराचे ऐकायचे.

समजा, तांबडा, हिरवा, निळा, पांढरा असे चार रंग असलेले सहा दिवे आहेत. पहिल्याला १ नंबर द्यायचा, दुसऱ्याला ५, मग ९, १३, १७, २१. दुसऱ्या दिव्यावर चुकून पाचाऐवजी चार लावला, तर तांबड्याच्या हुकमाला हिरवा उजळतो आणि शकुंतला हिरवीगार दिसते. दोन दिव्यांना मुद्दाम एकच नंबर दिला, तर जुळ्या भावांसारखे एकदम उठतात, एकदम झोपतात. वायर एका दिव्यातून दुसऱ्यात अशी माळेसारखी ओवायची. मध्येच फाटा काढायचा नाही, आणि शेवटच्या दिव्यात एकशेवीस ओहमची टोपी बसवायची. नाहीतर हुकूम टोकावर आपटून परत येतो आणि दिवे हिवताप झाल्यासारखे थरथरतात.

विजेचा हिशेब मात्र आधी करावा. जुन्या धर्तीचे हजार वॉटचे बारा दिवे लावणे म्हणजे बारा इस्त्र्या एकदम तापवणे. बावन्न अँपिअरपर्यंत वीज लागते. गल्लीतल्या मंडळाने ती शेजारच्या घरातल्या प्लगातून ओढली, तर पुढे काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. एलईडी दिव्यांनी हा भार पुष्कळ हलका केला आहे. पण त्यांनी रंग मिसळून केलेला पांढरा उजेड चेहऱ्यावर प्रेतकळा आणतो, आणि तांबडा शालू हिरव्या प्रकाशात काळा ठिक्कर पडतो. म्हणून साड्या-शेले दिव्याखाली धरून पाहिल्यावाचून मुलींना रंगमंचावर पाठवू नये. स्नेहसंमेलन बसवणाऱ्या बाईंनी एवढे ऐकलेच पाहिजे.

दिवाळी पहाटेच्या मैफलीत आणखी एक गंमत. अंधारात सुरू केलेला कार्यक्रम सूर्योदयाच्या आत-बाहेर रेंगाळतो, आणि उजाडले की दिव्यांची सारी किमया धुऊन जाते. निळ्या-जांभळ्या रात्रीची गाणी म्हणून आधी घ्यावीत.

हे सारे आकडे पेटीत आधी साठवून ठेवता येतात. एकेका प्रसंगाला नंबर, आणि किती सेकंदांत मावळायचे तेही. आता पेटी हुशार आहे. सांगितले तर घड्याळाबरोबर एकामागून एक प्रसंग आपोआप पुढे सरकवील. नाचाला, तबकडीवर वाजणाऱ्या संगीताला ते ठीक. पण आपल्या संगीत नाटकाला? नटाने आलाप लांबवला, प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ दिला, की घड्याळाच्या हिशेबाने तोवर पुढच्या प्रवेशातला राजवाडा उजळलेला असायचा आणि नायिका अजून नदीकाठीच! ‘वन्स मोअर’ आला की एक नंबर मागे जायचे असते, हे पेटीला कोण सांगणार?

मंगळवार पेठेतल्या एका प्रकाशयोजकाला मी हेच विचारले. तो पेटीवर धुळीचा कपडा फिरवीत होता. म्हणाला, “काका, घड्याळ बंदच ठेवतो मी. बटण माझ्या बोटाखाली, आन् डोळा गवयाच्या छातीवर. त्यानं श्वास घेतला की कळतंय, आता सोडणार का धरणार.”

त्याच्या पेटीशेजारी शिसपेन्सिलीने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता. प्रसंगांचे नंबर, त्यापुढे गाण्यांचे मुखडे, आणि चार ठिकाणी तांबडी फुली. मी विचारले, हे काय? तर म्हणाला, “इथं लोक परत म्हणायला लावत्यात.”