विजेचा वस्तरा

मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या बाजूच्या एका गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, घरांत दाढी करणारे चौघे पुरुष असतां विजेचा वस्तरा घ्यावा तो कोणता, आणि एकच सर्वांस पुरेल काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आधीं देतों: एक पुरवूं नये. जाळीमुळें त्वचा कितीहि सुरक्षित वाटली तरी डोळ्यांस न दिसणारे ओरखडे पडतात, आणि त्यांतील रक्ताचा अंश पात्यांस लागतो. 'हेपॅटायटिस बी' ही कावीळ अशा वाटेनें एकाची दुसऱ्यास होऊं शकते; तिचा विषाणु शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. एकत्र कुटुंबांत पंचा, कंगवा, वहाणा आपुलकीनें कोणाच्याहि कोणी वापरतो. वस्तरा मात्र ज्याचा त्यालाच असावा. चार यंत्रें परवडत नसतील तर ज्यांस तें हवेंच आहे त्यांनीं घ्यावें, बाकीच्यांस साधा सेफ्टी रेझर कांहीं वाईट नाहीं.

आतां निवड. जेकब शिक ह्यांचें यंत्र अमेरिकेंत १९३१ सालीं विक्रीस आलें, आणि फिलिप्सचें वाटोळ्या डोक्याचें १९३९ सालीं. आजहि मुख्य प्रकार दोनच. एकांत बारीक छिद्रांच्या जाळीखालीं पातीं मागेंपुढें धावतात. रोज दाढी करणारास तें उत्तम. दुसऱ्यांत पातीं वाटोळीं फिरतात. तें दोन-तीन दिवसांच्या आडव्यातिडव्या केसांस बरें, म्हणून वार पाळणाऱ्या घरांत अधिक उपयोगी. क्षौर शब्द क्षुर म्हणजे वस्तरा ह्यावरून आला, यंत्रास तो विधिनिषेध कसला, असें कांहीं तरुण म्हणतात. त्यांनीं जाळी काढून आंतलीं पातीं एकदां पाहावींत!

सिद्धगड आणि वीज हे शब्द एकत्र आले कीं भाई कोतवालांचें स्मरण होतेंच. माथेरानच्या नाभिक कुटुंबांत जन्मलेले हे वकील. १९४२ सालीं त्यांच्या आझाद दस्त्यानें विजेचे मनोरे पाडून मुंबईकडे जाणारा प्रवाह तोडला, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं ह्याच सिद्धगडाच्या रानांत हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले. आज त्या बाजूस वीज आहे, पण आषाढांत तिचा भरंवसा नाहीं. यास्तव लिथियम बॅटरीचें यंत्र घ्यावें. धुतां येणारीं पुष्कळ यंत्रें तार जोडलेली असतां मुळींच चालत नाहींत. तें दुकानांतच विचारावें. जाळी व पातीं सुटीं मिळतात काय, हेंहि. तीं मिळत नसतील तर यंत्र फुकट मिळालें तरी घेऊं नये.

निगा थोडीच, पण नित्याची. दाढी झाली कीं केस झाडावे. धुण्याची खूण असेल तरच नळाखालीं धरावें. जाळीस ब्रश लावूं नये, ती फार नाजूक असते. पावसाळ्यांत ओलें यंत्र झांकण लावून ठेवूं नये, उघडेंच वाळूं द्यावें. मधूनमधून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नको, तें थंडींत थिजतें. घामेजल्या गालावर कोरडें यंत्र अडखळतें, तेव्हां आधीं थोडी पावडर लावावी. केस कापले न जातां ओढले जाऊं लागले, कीं पातीं बदलण्याची वेळ झाली असें समजावें. रोजच्या वापरांत ती साधारण दीड वर्षानें येते. जाळीस बारीकसें भोंक पडलें तर मात्र त्याच दिवशीं यंत्र बाजूस ठेवावें, कारण तेथून पातें थेट गालास लागतें.