पैसे घेतल्यावरची अट

ऊस गव्हाणीत पडल्यावर पैसे कधी द्यायचे ते आम्ही ठरवू, असं कुणी म्हटलं तर शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्यात ते कोण ऐकून घेईल? घोडगंगा साखर कारखान्याच्या या गावाला एफआरपीचा, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा, हिशेब तोंडपाठ आहे. ऊस नियंत्रण आदेश चौदा दिवसांत पैसे द्या म्हणतो; राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते हप्त्यांत द्यायची मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. पण घरातल्या पोराने विकत घेतलेल्या ऑनलाइन गेमची अट मागाहून बदलली, की हीच मंडळी म्हणतात, "खेळच तो, त्यात काय एवढं!"

त्यात बरंच काही आहे. सोनीचा 'हेलडायव्हर्स २' हा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. कॉम्प्युटरवर खेळणारे सोनीचं खातं न जोडता तो खेळत होते. मे महिन्यात फर्मान निघालं: खातं जोडा, नाहीतर खेळ बंद. विक्रीच्या पानावर अट होतीच, असं कंपनीचं वकीलपत्र घेतलेले सांगतात. होती ना! मग ज्या शंभरावर देशांत सोनीची ती सेवाच नाही, तिथे गेम विकताना कुणाचा हात का आखडला नाही? अट टाळून पुढे जायची सोयही गेममध्येच दिलेली होती. खेळाडू खवळले, तेव्हा सोनीने काही दिवसांतच माघार घेतली.

कंपन्यांचा दुसरा मुद्दा लबाडी करणाऱ्या खेळाडूंचा. तो खरा आहे, त्यांना रोखायलाच हवं. त्यासाठी 'बॅटलफील्ड ६' ने २०२५ मध्ये बाजारात येतानाच सिक्युअर बूट, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच होणारी सुरक्षा तपासणी, मागितली. ज्याला जमत नाही त्याने घेऊ नये, तक्रार संपली. पण २०२१ मध्ये विकलेल्या 'बॅटलफील्ड २०४२' ला तीच अट २०२५ मध्ये लावली, तर जुन्या कॉम्प्युटरवाल्याने काय करायचं? नवा मदरबोर्ड घ्यायचा? 'रॉकेट लीग' ने २०२० मध्ये मॅक आणि लिनक्सची साथ सोडली, तेव्हा त्या ग्राहकांना पैसे परत मागायची वाट ठेवली होती. म्हणजे मनात असलं तर जमतं.

राहिलं ते 'मला मान्य आहे' चं बटण. ते न दाबता गेम उघडतच नाही, तेव्हा त्या संमतीला किती किंमत द्यायची? ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याला तोट्यात घालणाऱ्या कराराला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित करार म्हणतो. मेख पुढे आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे चालत नाही, त्यासाठी थेट राज्य आयोग गाठावा लागतो. दोन-अडीच हजारांच्या गेमसाठी तिथवर कोण जाणार, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

गेम बदलायचा हक्क कंपनीने खुशाल वापरावा. पण त्या बदलाने ज्याला खेळता येईनासं होईल, त्याची रक्कम अर्जविनंत्या न करता, ज्या खात्यातून घेतली तिथे परत गेली पाहिजे. ती गेली नाही तर शिरूर तालुक्यातल्या ग्राहकाला पुण्याचा जिल्हा आयोग पुरला पाहिजे. कायद्यात तेवढी दुरुस्ती संसदेने करावी.