वर्दी बॅरिकेडपाशीच बरी
न्यूयॉर्कच्या प्राइड आयोजकांनी 2021 मध्ये गणवेशातल्या पोलिसांना मिरवणुकीत बंदी घातली, हे इथे सिल्वासात वाचताना जरा गंमतच वाटते. आपल्याकडे पोलीस अशा मिरवणुकीत नाचायला येतात कुठे? ते येतात परवानगी द्यायला, किंवा नाकारायला. वापीहून गाडी पकडली की मुंबई. तिथे फेब्रुवारी 2020 मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून निघणाऱ्या प्राइड मोर्चाला सीएएविरोधी आंदोलनाच्या धास्तीने परवानगी मिळाली नाही. आझाद मैदानात नुसती सभा झाली, आणि तिथल्या घोषणांवरून 51 जणांवर थेट राजद्रोहाचा गुन्हा! समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा कलम 377 चा निकाल लागून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हणून माझं मत सरळ आहे: समलिंगी हवालदाराने साध्या कपड्यांत खुशाल सामील व्हावं, वर्दीने मात्र बॅरिकेडपाशीच थांबावं. तमिळनाडूने 2022 मध्ये पोलिसांच्या आचारनियमांतच एलजीबीटी व्यक्तींच्या छळाला मनाई करणारा नियम घातला. तोही मद्रास उच्च न्यायालयाने कान धरल्यावर. आमच्या दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवच्या प्रशासनाने तेवढा एक नियम उचलावा. त्यासाठी इथे मिरवणूक निघायची वाट पाहायला नको.