काटा तिसऱ्या आठवड्यात अडतो, तेव्हा

गॅस्ट्रिक बायपासनंतर पहिले दोन आठवडे वजन भराभर उतरते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मात्र अनेकांचा काटा हलेनासा होतो. मग ‘एवढा खर्च करून उपयोग काय झाला?’ असे रुग्णाच्या आधी नातेवाईकच विचारू लागतात.

सुरुवातीला उतरते ते सगळे वजन चरबीचे नसते. खाणे एकदम घटले की शरीर यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा वापरते. एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. तेही निघून जाते. पुढे शरीर थोडे पाणी पुन्हा धरून ठेवते. चरबी घटतच असते, काट्यावर ते दिसत नाही एवढेच. वजन उतरणे साधारण १२ ते १८ महिने चालते. त्यात असे थांबे येणारच.

खरा धोका घाबरून जेवण आणखी तोडण्यात आहे. त्याने स्नायू झिजतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात आणि जठराची उरलेली पिशवी जेमतेम ३० मिलिलिटरची. ती वरणाच्या पाण्याने भरली तर प्रथिने जाणार कुठून? (वरणाचे पाणी पौष्टिक, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज!) उलट्या थांबत नसतील, तर वजन घटतेय म्हणून खूश होणे घातक, ब-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना त्याच दिवशी गाठावे.

तिसऱ्या आठवड्यात काय होते, हे डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवे, आणि रुग्णाबरोबर घरच्यांनाही समोर बसवून.