रोप बियांचे की रानातले?



आपल्या रविवारच्या पुरवणीत खिडकीतल्या बागेसाठी कोनोफायटमची शिफारस वाचली. बटणाएवढी दोन जुळी मांसल पाने आणि मधल्या फटीतून उमलणारे फूल. मोह पडावा असेच ते रोप आहे. पण ते येते कुठून, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. माझी हरकत नेमकी तिथे आहे.

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडचा नामाक्वालँड आणि लगतचा नामिबिया हे त्याचे घर. पाऊस जेमतेम, तोही मुख्यतः हिवाळ्यात. रोपे खडकाच्या भेगांत, गारगोट्यांत चिकटून वाढतात. उन्हाळ्यात जुनी पाने वाळून कागदासारखी होतात आणि त्या पापुद्र्याआड नवी जोडी तग धरते. काही जाती तर एखाद-दुसऱ्या टेकडीवरच आढळतात; ती टेकडी खणून काढली की जात रानातून संपली. 2019 नंतर तिथे या रोपांच्या चोरीला ऊत आला. करोनाकाळात परदेशी हौशींना स्वतः जाता येईना, तेव्हा ऑनलाइन मागणी नोंदवून तिथल्या बेरोजगारांकडून रोपे उपटून घेतली गेली. नुसती जप्त झालेली रोपेच लाखांनी मोजावी लागतात. पकडले जातात खणणारे, पैसा करतात दलाल.

‘माझ्या एका रोपाने काय होणार?’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. हा सारा धंदा एकेक रोप घेणाऱ्यांच्याच जिवावर चालतो. शिवनेरीच्या कड्यावरची शिंदळ माकुडी ही आपली रानवनस्पती कुणी अशी पोत्यात भरून परदेशी नेली, तर आपण गप्प बसू का?

हौसेला माझा विरोध नाही. कोनोफायटम बियांपासून चांगले उगवते, फक्त फुलायला काही वर्षे धीर धरावा लागतो. बियांची रोपे साधारण एकसारखी, नितळ सालीची, बारीक मुळांची असतात. जाड लाकडी बुंधा, पापुद्र्यांचे जुने थर, ओरखडे आणि एकाच खोक्यात लहानमोठे गड्डे दिसले, तर संशय घ्यावा.

रोपवाटिका आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी प्रत्येक रोपाचा उगम लिहून द्यावा. ज्याला तो सांगता येत नाही, त्याच्याकडून ग्राहकांनी रोप घेऊ नये. आणि पुरवणीने पुढच्या रविवारी एवढी माहिती ठळकपणे छापावी, ही विनंती.

— एक वाचक, पुणे